रोमँटिक रोड, व्हाया कामशेत

गेला महिनाभर आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये एकच विषय आहे. जर्मनी! पुढच्या वर्षी मे महिन्यात आठ दिवसांची सुट्टी, भाड्याची गाडी आणि समोर 'रोमँटिक रोड'. श्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या वहिनीनं परवा एक एक्सेल शीट पाठवली. बॉस, काय शीट आहे! रोज किती किलोमीटर, कुठल्या गावात गाडी वेशीबाहेर लावायची, कुठल्या बेकरीत ब्रेड खायचा, रविवारी कुठली दुकानं बंद, सगळं रकान्या-रकान्यात. खाली ठळक अक्षरांत सूचना : 'भाऊजी, पार्किंगचं आधी बघा. जागा दिसली की गाडी घुसवली, असं इथे चालत नाही!'

ती सूचना वाचून मला एकदम मागच्या वर्षीचा जुलै आठवला आणि मी चक्क लाजलो. का, ते पुढे सांगतो. आधी हा रोमँटिक रोड काय प्रकार आहे ते बघू.

व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत जाणारा हा रस्ता. सुमारे साडेचारशे किलोमीटर. वाटेत टाउबर नदीचं खोरं, तटबंदीतलं रोथेनबुर्ग, उल्का आदळून झालेल्या विवरात वसलेलं न्योर्डलिंगेन, शेवटी राजा लुडविगचा तो कॅलेंडरवरचा किल्ला. गंमत म्हणजे हा काही पुराणकाळापासूनचा एकच एक रस्ता नाही. १९५० साली, महायुद्धानंतर, पाहुणे परत यावेत म्हणून जुन्या गावांना जोडणारी एक रेघ नकाशावर मारली आणि तिला नाव दिलं. रोथेनबुर्गवर तर मार्च १९४५ मध्ये बॉम्ब पडले होते. गावाचा मोठा भाग नंतर जसा होता तसा परत बांधला. म्हणजे गावं होतीच, नद्या होत्याच. कोणीतरी नीट प्लॅन केला, पाट्या लावल्या, पार्किंग वेशीबाहेर ठेवलं, बस्स!

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. जुनी गावं, नद्यांची खोरी, डोंगरावर किल्ले. हे सगळं वाकडच्या माझ्या फ्लॅटपासून तासाभरावर आहे की! त्याचं नाव मावळ. पण तिकडे जाताना आपला प्लॅन काय असतो? शुक्रवारी रात्री अकरा वाजता एकाचा मेसेज, 'उद्या लोणावळा?' आणि बाकीच्या तिघांचे अंगठे. झाला प्लॅन! मग भुशीला ट्रॅफिकमध्ये तीन तास, एक मक्याचं कणीस, दोन पाकिटं चिक्की आणि घरी.

त्या बांधाची गोष्ट

मागच्या जुलैमध्ये आम्ही असेच निघालो. पवनेच्या बाजूला, एका गावाजवळ (नाव नको) मस्त व्ह्यू दिसला. हिरवीगार खाचरं, मागे धुक्यात किल्ला. 'थांब थांब, फोटो!' म्हणून मी गाडी रिव्हर्स घेतली. मागचं चाक रस्त्याच्या कडेच्या बांधावर गेलं आणि बांध फुटला. गाडी अर्धी खाली आणि खाचरातलं पाणी धो धो खालच्या ओढ्यात.

आम्हाला गाडीची चिंता. तेवढ्यात इरलं घेतलेले एक काका धावत आले. मला वाटलं, आता शिव्या पडणार. मी घाईघाईनं पाकीट काढलं. काका म्हणाले, ''पैसं ठेवा खिशात. आवणी कालच झालीया. पानी गेलं तर रोप बसायचं न्हाई. उतरा खाली आन् माती भरा.''

मग काय! तीन इंजिनिअर आणि एक एचआरवाली, ब्रँडेड शूज गुडघाभर चिखलात. काका फावड्यानं माती ओढत होते, आम्ही दगड आणि गवताची ढेकळं रचत होतो. तासभर लागला. भाताचं खाचर म्हणजे नुसतं शेत नसतं, पाणी धरून ठेवणारं भांडं असतं, हे मला तिशीत कळलं. त्यासाठी आधी चिखलणी करायची, रोपं उपटून आणायची, वाकून एकेक लावायची, आणि हे सगळं पावसाच्या मोजक्या दिवसांत. आमच्या एका फोटोनं त्यांचे ते दिवस वाया जाणार होते. शेवटी काकांनीच दोन माणसं बोलावून गाडी काढून दिली. वर घरी नेऊन काकूंच्या हातचा गवती चहा पाजला. निघताना म्हणाले, ''कापणीला या. तवा गाडी लावायला जागा आसती.''

आम्ही नोव्हेंबरमध्ये खरंच गेलो. आणि या वेळी प्लॅन करून गेलो. तोच प्लॅन आज तुमच्यासाठी. पाऊस ओसरला की निघायचं. दिवाळीच्या आगेमागे भात पिवळा होतो, सह्याद्री अजून हिरवा असतो आणि हवा अशी की काच खाली करून गाडी चालवावी.

दिवस पहिला : पवन मावळ

आधी थोडा भूगोल, बोअर होऊ नका! सूर्य जिकडे मावळतो तो प्रदेश म्हणजे मावळ, अशी या नावाची उकल सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळातली बारा मावळं तुम्ही शाळेत वाचलीत. आजच्या मावळ तालुक्यात त्यातली तीन येतात : पवनेचं पवन मावळ, नाणे गावाच्या बाजूचं नाणे मावळ आणि आंद्रा नदीचं अंदर मावळ. तीन खोरी, मध्ये डोंगरांच्या रांगा. आपली ट्रिप या तिन्हींची.

पहिला नियम : एक्स्प्रेस वे विसरा. एक्स्प्रेस वेवरून मावळ म्हणजे कामशेतचा बोगदा आणि फूड मॉल. आपण सकाळी सहाला निघून जुना हायवे धरायचा. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत. ऊन व्हायच्या आत कामशेतला मिसळ किंवा वडापाव हाणायचा.

वाटेत वडगाव लागतं, तिथे एक फ्लॉप रोड ट्रिप आठवायची. १७७८ च्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीची फौज मुंबईहून बोरघाट चढून पुण्याला निघाली. सोबत हजारो बैल, तोफा, सामानसुमान. वेग गोगलगायीचा. कार्ल्याजवळ जानेवारी १७७९ मध्ये त्यांचा धाडसी कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला 'इष्टूर फाकडा' हे नाव दिलं होतं. फौज तळेगावपर्यंत पोचली तर गाव रिकामं, दाणागोटा जाळलेला. मागे फिरली तर महादजी शिंद्यांनी वडगावला गाठलं आणि तह करायला लावला. थोडक्यात काय, प्लॅनिंगशिवाय मावळात शिरू नये!

कामशेतहून डावीकडे पवनानगरचा रस्ता. थोड्या वेळात उजव्या हाताला डोंगरात बेडसे लेणी दिसतात. सुमारे चारशे पायऱ्या आहेत, पण चढाच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहाच्या दारात चार उंचच उंच खांब आहेत आणि वर घोडे, हत्ती, बैल यांच्यावर ऐटीत बसलेली जोडपी. कार्ल्याला जत्रा असते तेव्हाही बेडशाला बहुधा तुम्ही आणि पोपटांचा थवा एवढेच. एक हळहळ लावणारी गोष्टही इथली. एकोणिसाव्या शतकात गोरे साहेब बघायला यायचे म्हणून लेणी साफसूफ करून रंगवली, आणि त्या नादात भिंतींवरच्या जुन्या चित्रांचे अवशेष गेले, असं सांगतात. पाहुण्यांसाठी जागा सजवण्याचे हे असे परिणाम!

पुढे पवनानगर आणि समोर तो प्रसिद्ध जलाशय. एका बाजूला तिकोना, दुसऱ्या बाजूला तुंग, मागे लोहगड आणि विसापूर. रील्समध्ये दिसतो तोच व्ह्यू. काठावर टेंट, बार्बेक्यू, म्युझिक. आता इथे जरा थांबा.

हे तळं नाही, हे धरण आहे. पाण्याखाली खाचरं आहेत, घरं होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं हेमाडपंती मंदिर वर येतं. मग ज्यांची गावं बुडाली ती मंडळी दर्शनाला येतात. आमच्याच टीममधल्या एका मित्राचे आजोबा त्यातले. त्या रात्री काठावर बसून तो म्हणाला, ''टेंटचे पैसे भरले आपण, पण माझ्या आजोबांचं आवार त्या तिकडे, बोटिंग करतात ना, तिथे होतं.'' आम्ही म्युझिक बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर हे पाणी तुमच्याच नळाला येतं. धरणातून नदीत सोडतात, रावेतला उचलतात. नदीऐवजी बंद पाइपलाइननं पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बौरजवळ एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण गेले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही दशकानुदशकं रेंगाळला. हे सांगून मूड घालवायचा नाहीये. पण आपण सकाळी शॉवरखाली उभे राहतो ते कोणाच्या पाण्यात, एवढं माहीत असावं की नाही?

पवनानगरहून तिकोना पेठ. किल्ला सुमारे साडेतीन हजार फूट उंचीचा, पण पेठेतून तासाभरात माथा. शेवटच्या पायऱ्या अशा खड्या की हिल्सवाल्यांनी नमस्कार करून खालीच थांबावं. उतरून जेवण गावातच, एखाद्या घरी आधी फोन करून. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता इंद्रायणी भात. हा भात नुसता नावाचा 'लोकल' नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ या जातींच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोराचा वास आणि जास्त उतारा, असं दोन्ही साधलेलं. मॉलमध्ये तुम्ही ज्याच्यासाठी पैसे मोजता, तो त्याच्या माहेरी खाऊन बघा!

जेवून जलाशयाच्या कडेनं तुंगकडे. वाटेत पॉलीहाऊस दिसतील. व्हॅलेंटाइन डेला परदेशात जाणारा लाल गुलाब यातलाच. तुंग दिसायला शंकूसारखा, चढ छोटा पण घाम काढणारा. तळेगावला राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी याच मुलखावर 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली, आणि राजमाचीवर 'माचीवरला बुधा'. गाडीत गाण्यांच्या जोडीला यातलं एखादं पुस्तक टाका. मुक्काम तुंगवाडी किंवा तिकोना पेठेत, घरगुती.

दिवस दुसरा : इंद्रायणी आणि पलीकडे

सकाळी तुंगहून घुसळखांबमार्गे लोणावळा. हा रस्ता उजाडताना घ्या, दोन्ही बाजूला रान आणि मध्येच धुक्याचा लोट. लोणावळ्यात रेंगाळू नका, पण वळवण धरणाकडे एक नजर टाका. या पाण्याची गोष्ट भारी आहे. देशावर पडलेला हा पाऊस खरं तर पूर्वेला वाहून बंगालच्या उपसागराला मिळायचा. टाटांनी तो अडवून पाइपांतून घाटाखाली खोपोलीला सोडला आणि १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर फिरल्या!

मग कार्ले आणि भाजे, हायवेच्या दोन बाजूंना. कार्ल्याचं चैत्यगृह देशातलं सगळ्यात मोठं. छताच्या लाकडी कमानी बघा, ते सागवान मूळचं आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांचं. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजींनी 'जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह' असं तिथे कोरून ठेवलंय. रिव्ह्यू लिहायची हौस जुनीच म्हणायची! शेजारी एकवीरा आई, कोळी बांधवांची कुलदेवता, त्यामुळे रविवारी आणि चैत्रात गर्दी असणार. गर्दी नको असेल तर भाजे. तिथे भिंतीवर कोरलेली तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई शोधा. वर लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यातला हा एक. विंचूकाट्यावर सोनकीची पिवळी फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी फुलतात की बास!

दुपारनंतर चॉइस तुमचा. कामशेतहून उत्तरेला नाणे मावळ, शेवटी जांभवलीचं कोंडेश्वर मंदिर आणि मागे ढाकचा कडा. किंवा कान्हे फाट्यावरून टाकवेमार्गे अंदर मावळ. हा माझा फेवरिट. ठोकरवाडीचं पाणी डावी-उजवीकडे साथ देतं, खांडीपर्यंत रस्ता अरुंद होत जातो आणि पुढे सह्याद्री एकदम संपतो. खाली सगळा कोकण. कॅफे नाही, रेलिंग नाही, नेटवर्कही बेभरवशाचं. तिथे सूर्य मावळताना बघितला की तालुक्याचं नाव पटतं. पण अंधाराच्या आत परत फिरायचं, कारण अंधारात गुरं घराकडे निघालेली असतात आणि रस्ता त्यांचा असतो.

वहिनीच्या स्टाइलनं प्लॅन

शीट बनवाच! त्यात हे रकाने हवेत.

सीझन : ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातलं मावळ सुंदर आहे, मान्य. पण ३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, चार जण गेले. डोंगरात पडलेला पाऊस खाली मिनिटांत पोचतो, पायाखालचं पाणी तोपर्यंत शांत दिसतं. पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात ते आपल्या आनंदावर विरजण घालायला नव्हे.

गाडी : छोटी. एसयूव्हीचा रुबाब हायवेवर, गावच्या बोळात नाही. पेट्रोल कामशेतला फुल्ल.

पार्किंग : गावकऱ्याला विचारून. बांधावर, खळ्यावर, रस्त्यात वाळत घातलेल्या धान्याशेजारी, कध्धीच नाही. (अनुभवाचे बोल!)

पैसे : थोडे सुटे रोख ठेवा, नेटवर्क नसेल तर मोबाइलचं पेमेंट अडकतं. आणि घासाघीस करायचीच असेल तर ती लोणावळ्याच्या हॉटेलात करा, भाकरी थापणाऱ्या मावशीशी नको.

कचरा : जो नेला तो परत आणायचा. बाटल्यांसकट. खाचरात अनवाणी पायानं लावणी करतात, तिथे काच फुटली की काय होतं ते काकांच्या तळव्यावर बघितलंय.

खरेदी : चिक्की घ्या, पण नवा तांदूळ शेतकऱ्याकडूनच घ्या.

नोव्हेंबरमध्ये आम्ही काकांकडे गेलो तेव्हा झोडणी चालू होती. आमचा तो बांध त्यांनी दाखवला. गवत उगवून अगदी बाकीच्या बांधासारखा झालेला. ''तुमच्या हातचा हाये, टिकला,'' म्हणून हसले. त्या खाचरात या खेपेला भात जरा कमी आला होता. किती कमी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं तेव्हा विषय बदलला. आम्ही चौघांनी मिळून वीस किलो इंद्रायणी घेतला. काकूंनी वर पायलीभर फुकट घातला, नको नको म्हणताना.

काल रात्री मी जर्मनीच्या शीटमध्ये एक रकाना वाढवला : 'इथे कोण राहतं?' वहिनीचा लगेच मेसेज आला, 'भाऊजी, हे काय नवीन?' तिला म्हटलं, सुट्टीत इकडे ये, गाडीतून दाखवतो. दोन दिवस लागतील.

तेव्हा मंडळी, या विकेंडला भुशी कॅन्सल! शीट बनवा, कामशेतला डावीकडे वळा. आणि रिव्हर्स घेताना मागे बघा.